किनारा दिसायच्या आत

तिसऱ्या साक्षीदारानंही तेच वाक्य म्हटलं, तेव्हा सरकारी वकिलांनी चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीला पुसायला घेतला. त्यांना काही घाई नव्हती.

“पुन्हा सांगा,” ते म्हणाले.

साक्षीदार मासेमारीच्या बोटीवरचा स्वयंपाकी होता. साक्षीसाठी त्यानं कोणाचा तरी शर्ट मागून घातला होता आणि तो त्याला मानेपाशी काचत होता. त्यानं पुन्हा सांगितलं.

“जाळं ओढून झाल्यावर तो मागे जाऊन आडवा झाला. पहाटे लाट आली. झोपेतच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.”

“छान. तुमच्याआधी जाळेवाले बोलून गेले, त्यांच्याआधी इंजिनवाले. तिघांच्या बोलण्यात काना-मात्रेचा फरक नाही. बोटीवर हा पाठांतराचा वर्ग कोण घेत होतं?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. सरकारी वकिलांना बंदरावर खेकडा म्हणत, कारण ते कुठल्याही मुद्द्यावर सरळ चालत जात नसत. आज मात्र त्यांना तिरकं जायची गरजच पडली नव्हती. त्यांनी सगळं एका दमात मांडलं. किनाऱ्याला लागलेल्या मयताच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलली होती, नखं तुटली होती आणि जखमांत दोराचे धागे सापडले होते, हे डॉक्टर सांगून गेले होते. झोपलेला माणूस दोर धरत नाही. आरोपीचेही तळहात अटकेच्या वेळी फाटलेले होते, म्हणजे झटापट झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मयतानं ही बोट सोडून दुसरीवर जायचं बोलून दाखवलं, तेव्हा आरोपीनं धक्क्यावर चारचौघांत त्याची कॉलर धरली होती. आणि आता आरोपीची तीन माणसं एकच वाक्य घोकून आली होती. मयताला बोटीवर रेडिओ म्हणत, हेही खेकड्यानं आवर्जून सांगितलं. जो माणूस जन्मात कधी गप्प बसला नाही तो मरताना तेवढा गप्प राहिला, हे कोर्टानं मान्य करायचं का, असं विचारून तो खाली बसला.

पिंजऱ्यात तांडेल उभा होता. बोट त्याच्या हुकमात चाले. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा असे. इथे त्याचा शब्द कोणी विचारत नव्हतं, आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

त्याच्या वकीलबाईंचे कान तापले होते. हा तिचा पहिला खुनाचा खटला, आणि त्यात तिच्या हातून अशी चूक झाली होती की शिकाऊ वकिलालाही हसू यावं. ते तीन जबाब तिनं कितीतरी वेळा वाचले होते. तिघांचे शब्द तंतोतंत सारखे आहेत, हे तिला एकदाही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? ते वाक्य तिच्या घरातलंच होतं. ती लहान असताना तिचे बाबा असेच बोटीवरून गेले, आणि तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आली होती. झोपेतच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं, मावशीला सांगितलं, कधी कधी भांडी घासताना कोणी नसतानाही सांगितलं. समुद्रात गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात, अशी तिची समजूत होती. ते वाक्य पुराव्यासारखं तपासावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ते खेकड्याच्या डोक्यात आधी आलं, कारण त्याच्या घरातलं कोणी समुद्रावर जात नव्हतं.

न्यायाधीशांनी पुढचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. ती तशीच तुरुंगात गेली.

भेटीच्या खोलीत टेबल जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं होतं. तांडेल समोर येऊन बसला. तुरुंगात तो आहे त्याहून बारीक दिसे.

“काका, तिघांना ते वाक्य कोणी दिलं?”

“मी.”

तो आढेवेढे घेईल असं तिला वाटलं होतं. पुढचा प्रश्न तयार होता, तो तसाच राहिला.

“कशाला?”

“दरवेळी ठरवतो. बोटीवरचा माणूस गेला की किनारा दिसायच्या आत सगळ्यांनी बसायचं आणि घरी काय सांगायचं ते ठरवायचं. सगळ्यांचं एकच. मग पुढे कोणी दारू पिऊन बोललं, म्हातारपणी बरळलं, तरी घरच्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. जे खरं, ते आपल्या पोटात.”

मग, तिनं फार खोदल्यावर, त्यानं पोटातलं सांगितलं. जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं होतं. ते सोडवायला रेडिओ मागे वाकला आणि लाटेनं गेला. दोर टाकला, तो त्यानं पकडला. वर ते दोघे, तांडेल आणि इंजिनवाला, खाली तो. बोट आडवी होऊन हेलकावत होती. दोनदा तो कठड्यापर्यंत आला आणि दोनदा घसरला. हातात कातडी उरली नाही तेव्हा त्यानं दोर मनगटाला गुंडाळायचा प्रयत्न केला. आणि सगळा वेळ तो बोलत होता. तांडेलाला शिव्या घातल्या, मग हातापाया पडला, मग बायकोला हाका मारल्या. उजाडायच्या सुमारास दोर हलका झाला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. पण तिच्या डोक्यातली वकील जागीच होती. दोन्ही टोकांना सारख्या जखमा म्हणजे झटापट नव्हे, ओढणं. तांडेलाचे हात, इंजिनवाल्याचे हात. सगळा खटला त्या हातांवर उभा राहू शकत होता.

“हे कोर्टात सांगितलं तर तुम्ही सुटाल.”

“तिच्यासमोर?”

“रेडिओच्या बायकोला बाहेर बसवू.”

“आणि संध्याकाळी नळावर? तिथून तिला कोण बाहेर बसवणार? नाही. तिला त्या वाक्यावर उरलेलं आयुष्य काढायचंय.”

“काका, ही जन्मठेप आहे.”

“जन्म असा कितीसा राहिलाय,” तो म्हणाला आणि थोडा हसलाही.

तिनं कागद गोळा केले. ‘दरवेळी’ हा शब्द तिला तेव्हा कुठे नीट ऐकू आला. तरुणपणी तांडेल तिच्या बाबांच्याच बोटीवर खलाशी होता. दारात उभं राहून आईला ते वाक्य त्यानंच सांगितलं होतं. आई त्याचं नाव निघालं की अजून हे सांगे, आणि म्हणूनच पोरीनं ही केस घ्यावी म्हणून तिनं भुणभुण लावली होती. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यानं टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेतले. ती त्याला तिथल्या तिथे विचारू शकली असती. तिनं विचारलं नाही, आणि वाटभर स्वतःवर चरफडत राहिली. लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारी बाई, आणि हा एवढा एकच प्रश्न विचारायचा ठेवून आली.

घरी आईनं उद्या कोर्टात येणार असल्याचं जाहीर केलं. गर्दी असते, बाकं कडक असतात, खेकडा अद्वातद्वा बोलतो, असं सगळं सांगून झालं. काही उपयोग झाला नाही.

“माझी लेक खुनाचा खटला चालवते आणि मी घरी भाजी चिरत बसू?” आई म्हणाली. “आणि तो माणूस आपल्या दारी आला होता. तेव्हा तो आला नसता तर मी वेडी झाले असते.”

रात्र लेकीनं कशीबशी काढली. अशिलाचं म्हणणं ऐकायचं, की अशिलाला वाचवायचं? तांडेलानं नाही म्हटलं होतं, स्पष्ट शब्दांत. पण त्यानं नाही म्हटलं म्हणून एका निरपराध माणसाला तुरुंगात मरू द्यायचं, हे तिला जमेना. त्यात आईचाही विचार होता, हे तिला कळत होतं, आणि तो कुठल्या बाजूला होता तेच कळत नव्हतं.

सकाळी तिनं इंजिनवाल्याची फेरतपासणी मागितली आणि ती मिळाली.

इंजिनवाल्याला सगळे डिझेल म्हणत. शिपायानं त्याच्या कागदावरच्या नावानं पुकारा केला तेव्हा तो जागेवरून हललाच नाही. शेजाऱ्यानं ढोसल्यावर उठला. कोर्ट भरलं होतं. बंदरावरच्या बायका मोठ्या संख्येनं आल्या होत्या, आणि त्यांच्यात जिच्या घरचं कोणी समुद्रात गेलं नाही अशी बाई शोधूनच काढावी लागली असती. पहिल्या बाकावर रेडिओची बायको होती. शेवटच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, आई.

“हात दाखवा,” वकीलबाई म्हणाल्या.

डिझेलनं हात दाखवले. तळहातांवर आडवे, गुलाबी वळ होते.

“हे कशाचे?”

“इंजिनाचे.”

“आरोपीच्या हातांवर असेच आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलंय. आरोपी इंजिनाला हात लावतो?”

डिझेलनं पिंजऱ्याकडे पाहिलं.

“पोरी, बस झालं,” तांडेल म्हणाला. मोठ्यानं नाही, पण बोटीवर वाऱ्यातही ऐकू जाणारा आवाज होता तो. न्यायाधीशांनी त्याला समज दिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

तिनं कोर्टाला विनंती केली की, मयताच्या पत्नीला थोडा वेळ बाहेर बसू द्यावं. शिपाई पहिल्या बाकापाशी गेला.

“मी नाही जाणार,” रेडिओची बायको म्हणाली. “माझा नवरा आहे तो.”

“वहिनी, घरी जा,” डिझेल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

“बोला भावोजी.”

मग तो बोलला. मधलं आधी, पहिलं शेवटी, कधी हुंदका तर कधी शिवी, आणि शिवीबद्दल न्यायाधीशांची माफी. दोर, पंखा, कठडा, मनगट. किती वेळ, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की किती वेळ ते ठाऊक नाही, पण मधे एकदा आपणच ‘आता सोड बाबा’ असं मनात म्हटलं, आणि ते त्याला ऐकू गेलं असेल का, हा विचार अजून जात नाही. रेडिओची बायको ताठ बसून होती. नवऱ्यानं तिला काय म्हणून हाका मारल्या, हेही तिनं भरल्या कोर्टात ऐकलं.

त्यानंतर जाळेवाल्याला आणि स्वयंपाक्यालाही पुन्हा उभं केलं, आणि दोघंही बोलले. एकाच्या मते दोर पुढच्या बाजूचा होता, दुसऱ्याच्या मते मागचा. एकाला वारा आठवत होता, दुसऱ्याला नाही. सगळं सारखंच कसं म्हणून कालपर्यंत ओरडणारा खेकडा आता काहीच कसं जुळत नाही म्हणून ओरडू लागला, आणि न्यायाधीश पहिल्यांदाच मन लावून लिहीत होते. वकीलबाईंना कळलं की आपण जिंकलो. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. आईची जागा रिकामी होती.

निकाल पुढच्या आठवड्यात होता. तोवर घरात सगळं रोजच्यासारखं चाललं, फक्त बोलणं कमी. आईनं कोर्टाचा विषय काढला नाही, हिनंही काढला नाही. एकदा शेजारीण येऊन बसली आणि बोलता बोलता गेलेल्यांच्या आठवणी निघाल्या. ही आतल्या खोलीत कान देऊन उभी राहिली. आई आपलं नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. “हो, गेले ते,” एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. वकीलबाईंना रडू आलं, आणि ते का आलं हे सांगता येण्यासारखं घरात कोणी नव्हतं.

तांडेल निर्दोष सुटला.

कोर्टाच्या फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. ओवाळायला नव्हे आणि दगड मारायलाही नव्हे, नुसत्या उभ्या. तांडेल बाहेर आला तशी एक म्हातारी पुढे झाली. तिचा मुलगा पूर्वी त्याच्याच बोटीवरून गेला होता.

“माझा?” तिनं विचारलं. “माझा झोपेतच गेला ना रे?”

तांडेल बोलायला गेला, पण त्याचं तोंड उघडून तसंच राहिलं. ते वाक्य आता कोर्टाच्या कागदांत खोटं म्हणून नोंदलं गेलं होतं, आणि त्याच्यापाशी दुसरं नव्हतं. म्हातारीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि बाजूला झाली. तिच्यामागे दुसऱ्या उभ्या होत्या, पण कोणी विचारलं नाही.

वकीलबाई त्याला घेऊन धक्क्याच्या रस्त्यानं निघाल्या. सुटलेल्या माणसाला आनंद व्हायला हवा, असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“मला सोडवलंस,” तो म्हणाला. “उपकार झाले. आता या सगळ्यांना मी काय सांगू?”

तिनं आपलं बरोबरच होतं असं म्हणायचं ठरवलं होतं, ते इथे म्हणवेना. बर्फाच्या कारखान्यापाशी रस्ता फुटतो, तिथे ती थांबली.

“काका, बाबांचं सांगा.”

“नको.”

“आता काय राहिलंय?”

त्यानं सांगितलं. आधी काटछाट करून सांगायची त्याला सवय होती. ती मोडल्यावर कुठे थांबायचं हे त्याला समजेना. बाबा झोपलेले नव्हते. फळीचा एक तुकडा त्यांच्या हाती लागला होता. हवा अशी फिरली होती की बोट जवळ नेता येईना आणि सोडून जाता येईना. ते दिसत होते. सूर्य वर आला तरी ऐकू येत होते. बोटीवरच्या एकेकाला त्यांनी हाका मारल्या. मग बायकोला हाका मारत राहिले, मग लेकीला. शेवटी नुसता आवाज राहिला होता, त्यात शब्द नव्हते. बोटीवरच्या सगळ्यांनी कान झाकले होते, तांडेलानंसुद्धा.

तिनं मान हलवली. आभार मानले, अगदी साक्षीदाराचे मानतात तसे, आणि घराकडे वळली.

आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढे घेऊन बसली होती.

“सुटला?”

“सुटला.”

“बरं झालं.” आईनं एक परकर झटकला, घडी घातली. “विचारलंस त्याला?”

काय विचारायचं होतं ते दोघींनाही माहीत होतं. वकीलबाई समोर जमिनीवर बसल्या. जुनं वाक्य म्हणून चालणार नव्हतं; ते आईनं कोर्टात स्वतःच्या कानांनी मोडताना ऐकलं होतं. साक्ष फार गुळगुळीत असली की तिच्यावर विश्वास बसत नाही. थोडी खुपणारी लागते. एवढं या धंद्यानं तिला शिकवलं होतं.

“झोपेत नव्हते, आई.”

आईचे हात थांबले.

“जागे होते. लाटेनं नेलं ते कळलं त्यांना. एकदा हाक मारली.”

“कोणाला?”

“तुला.”

“एकदाच?”

“एकदाच. लगेच दुसरी लाट आली. पुढे काही नाही.”

हे सांगताना तिनं आईच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. साक्षीदारांना ती नेहमी हेच बजावत असे. आईही बघत राहिली. तिचा चेहरा बराच वेळ तसाच होता, मग कडेनं हळूहळू सैल झाला.

“काय म्हणून मारली हाक?”

हे तिनं तांडेलाला विचारलं नव्हतं. बाबा आईला कशी हाक मारत, ते तिला आठवतही नव्हतं. ती फार लहान होती.

“‘अगं’ म्हणून मारली असेल,” आई म्हणाली. “नावानं नाही मारली त्यांनी कधी.”

साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नये, एवढं तर नव्या वकिलालाही कळतं. खेकडा असता तर ताडकन उठून हरकत घेतली असती.

“हो,” ती म्हणाली. “‘अगं’ म्हणूनच.”

आईनं मान हलवली. मग ढिगातली एक चादर ओढून तिची दोन टोकं लेकीकडे दिली, आणि दोघींनी मिळून तिची घडी घातली.